बाबांच्या आवाजाचे कुलूप

मी, श्रावण देवाजी ढोबळे, वय एकोणपन्नास, मूळ गाव पारशिवनीजवळचे, हल्ली राहणार वाडी, नागपूर. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. त्याआधी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. थकलो आहे, पण मनात गोंधळ नाही.

१. राहती खोली भाड्याची, तिची वाटणी नाही. बँकेतली शिल्लक आणि देवघर पत्नी सरिताचे. फूल रोज मिळाले नाही तरी चालेल, दिवा लावावा.

२. शेतातला माझा हिस्सा धाकटा भाऊ अंकुश याला. कसतो तोच. बाबांची खंजिरीही त्यालाच.

३. कॉम्प्युटर सरिताचा. त्यात ‘बाबा’ नावाचे फोल्डर आहे. वडिलांनी गायलेली भजने मी मोबाइलवर घेतली होती, ती त्यात आहेत. बाबा गेल्यावर अंकुशने त्यातले एक भजन लकडगंजच्या डीजेवाल्याला दिले, त्यावर ढोल चढवून वरातीत वाजवले. लोक बाबांच्या आवाजावर नाचले. मग मी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, आज्ञा देऊन अख्खे फोल्डर कूटबद्ध केले आणि उघड्या प्रती सगळीकडून पुसल्या. परवलीच्या ओळीशिवाय ते आता कोणालाच उघडता येणार नाही. सरिता तेव्हा म्हणाली होती, “अंकुशभाऊजीले आता दारात उभं नाही करायचं.” तीन वर्षे तो आला नाही.

४. परवलीची ओळ मी नुकतीच बदलली. भजनासारखी केली : एकाने उचलायची, दुसऱ्याने धरायची. पहिला भाग सरिताला पाठ आहे. दुसरा काल अंकुशला फोनवर सांगितला.

“दादा, सगळं वहिनीलेच सांग ना. मले काहून गुंतवून राहिला?”

“तू आल्याबिगर बाबा गाणार नाहीत गा.”

मग तो म्हणाला, “वहिनी चहा तरी देईन का?”

सरिता तोवर बाहेरून आली होती. मी तिला विचारले. “बिनसाखरेचा देईन म्हणा.”

५. उघडण्याआधी त्या बंद फोल्डरची एक प्रत वेगळी ठेवावी. आज्ञा काय द्यायची ते मॉनिटरला चिकटवले आहे. परवलीची ओळ टाइप करताना पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. कीबोर्ड बिघडला समजून थांबू नये. देवापुढेही आपण असेच बोलत असतो.

६. दोघांपैकी एकाने नकार दिला, तर फोल्डर बंदच राहू द्यावे. दोघे बसले, तर सगळी भजने शेवटपर्यंत ऐकावीत. त्यानंतर फोल्डर अंकुशचे. ऐकूनही त्याला ढोल चढवावासा वाटला, तर सरिताने अडवू नये. राखण करून मी दमलो.

वाचून पाहिले, बरोबर आहे. खालील दोघांच्या देखत सही करतो.

श्रावण देवाजी ढोबळे

साक्षीदार :
मधुकरराव नाकाडे, घरमालक
मिनल राऊत, शेजारीण

वाडी, नागपूर
१० जानेवारी २०२५