पायजम्याच्या नाडीतून इन्सुलिन

नाशिक,
९ ऑगस्ट २०००

ती. आक्कास,

सहादूचा वाकून नमस्कार (साष्टांग घातला असता, पण टाच ऐकत नाही). पेठचे चढ तुझे गुडघे अजून चढू देतात ना? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे सर्व क्षेम आहे, एक मी सोडून.

माझी साखर तीनशे चाळीसवर गेली आहे. टाचेची जखम महिनाभर मिटत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, गोळ्या पुरे झाल्या, इन्सुलिन टोचून घ्या, नाहीतर पायाचे काही सांगता येत नाही. मी तात्त्विक आक्षेप घेतला, की ते डुकराच्या नाहीतर बैलाच्या स्वादुपिंडातून काढतात, आणि तेवीस वर्षे संस्कृत-पाली शिकवणाऱ्या मास्तराला हे शोभत नाही. त्यावर तुझी भाची (स्नेहा यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे तिला सर्व कळते) म्हणाली, "बाबा, रविवारी मटणाची दुसरी वाटी मागताना हा आक्षेप कुठं जातो? आणि आता ते जनावरातून काढायची गरजच नाही."

मग तिने माझ्या अंगावरच्या पायजम्याची नाडी ओढून काढली आणि गाठ मारून तिचे कडे केले. जंतूच्या पोटात म्हणे डीएनएचे असे कडे असते. एक विकर (म्हणजे एन्झाइम) कात्रीसारखे काम करते, पण ठरावीक अक्षरे दिसली तरच कापते. (आमच्या परीक्षकांची लाल पेन्सिल इतकी विवेकी नाही.) त्याच कात्रीने माणसाच्या डीएनएतला इन्सुलिनचा मजकूर कापायचा. कात्री एकच असल्याने टोके जुळतात आणि दुसरे विकर ती सांधते. अशा रीतीने तिच्या आईच्या, म्हणजे लताच्या, लाल रिबिनीचा तुकडा माझ्या नाडीत बसला. हे कडे जंतूत सोडले, की एकाचे दोन, दोनाचे चार होतात आणि प्रत्येक जण निमूटपणे माणसाचे इन्सुलिन करीत बसतो. हे सारे ज्ञान मी उभ्याने, दोन्ही हातांनी पायजमा धरून ग्रहण केले. शंका विचारायला हात वर करण्याची सोय नव्हती.

तरी तोंडी विचारलेच, की हा जंतू राहतो कुठे? "आतड्यात." मग मी विजयी मुद्रेने म्हणालो, की आतड्यातल्या प्राण्याची करणी मी टोचून घेऊ?

"त्याचे भाऊबंद आत्ताही तुमच्या आतड्यात आहेत, बाबा. तुमची परवानगी मागितली का त्यांनी? आणि बाटलीत जंतू नसतो, शुद्ध केलेलं इन्सुलिन असतं."

स्वयंपाकघरातून लता म्हणाली, "थांब गं, आता म्हणतील व्याकरणात बसत नाही."

आक्षेप संपले. बाटली फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे बसली आहे. गेले पाच दिवस मी थंड पाणी पीत नाही (फ्रिज उघडावा लागतो).

तुझा,
सहादू

ता.क. हिंसा-अहिंसा सोड. मला सुईची भीती वाटते, आणि हे घरात कुणाला ठाऊक नाही. सोमवारी सकाळच्या एसटीने ये. लताला सांग, भगर द्यायला आले.

ता.क. २. तू तीस वर्षे नर्स होतीस म्हणून बोलावतो, असे समजू नकोस. शिकत असताना पहिली सुई तू माझ्याच दंडात खुपसलीस, तीही दोनदा, आणि वर मलाच म्हणालीस, "हलू नको रे, मला भीती वाटते." तेव्हा हे तुझेच राहून गेलेले प्रायश्चित्त आहे.