द्वारके, गप गं

सासूबाई,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण पेन पुढं सरकेना. राहू द्या. तुम्हाला जाऊन सहा महिने झाले आणि आज लिहितेय, कारण उद्या तुमचा लेक महापालिकेत जाऊन धाकटीच्या जन्मदाखल्यावर नाव घालून आणणार आहे. तुमचं नाव, द्वारका. एकदा कागदावर चढलं की ते उतरायचं नाही. म्हणून त्याआधी तुमच्याशी बोलून घेते. दोघी पोरी आत्ताच झोपल्यात.

जाताना काय म्हणाला होतात, आठवतंय का? मला सातवा महिना होता. सगळे उशाशी बसलेले आणि तुम्ही नेमकं माझ्याकडं बघून म्हणालात, “तुज्याच पोटाला येते बघ. मग सुटशील कुटं?” वन्सं रडायला लागल्या. आईचा वहिनीवर केवढा जीव, म्हणाल्या.

जीव! थोरली अन्वी झाली तेव्हा तुम्ही माझ्यासाठी डिंकाचे लाडू करून ठेवले होते. मुलगी झाली म्हणून कळल्यावर तो डबा तुम्ही काळेवाडीतल्या आपल्या गल्लीत वाटून टाकलात. मी दवाखान्यातून आले तर शेजारची सांगते, लाडू छान झाले होते हो.

तर धाकटी झाली. आठव्या दिवशी ती रडायला लागली, थांबेचना. पूर्वज आलाय, नाव मागतोय, असं म्हणत वन्सं अंगाऱ्याची पुडी घेऊन बसल्या. तुमच्या गावाकडची रीत तुम्हाला काय सांगायची? गेलेल्या बायकांची नावं एकेक करून घ्यायची, कपाळाला अंगारा लावायचा आणि ज्या नावाला पोर गप होईल, तीच परत आली म्हणायचं. तुमच्या आईचं नाव झालं, सासूचं झालं, चुलतीचं झालं. पोर आपली किंचाळतेय. मग वन्सं म्हणाल्या, द्वारकाबाई. आणि पोर गप्प.

तुमचा लेक आठ दिवसांच्या पोरीच्या पाया पडला, सासूबाई. तुम्ही असतात तर खूश झाला असतात.

आता खरं ऐका. पोर भुकेनं रडत होती. पदराखाली घेतली होती, पण पाजत नव्हते. छाती दाटून दुखत होती, तरी मी तुमच्या नावाची वाट बघत बसले होते. ते आलं आणि मग तिला लावली. माझ्याच लेकीला मी अर्धा तास उपाशी ठेवलं, कशासाठी? तर तुम्हाला हाका मारता याव्यात म्हणून.

नऊ वर्षं तुमचं नाव तोंडातून काढलं नाही मी. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नाही. रेशनच्या दुकानात कार्ड कुणाचं विचारलं तर मी कार्डावरच्या नावावर बोट ठेवायची. शेजारचे यात्रेला निघाले, तर मी त्यांना विचारलं, किसनाच्या गावाला कधी निघताय? ते हसले माझ्यावर.

आता बघा! वन्सं बजावून गेल्या होत्या, वहिनी, तू घरात तिला छकुली म्हण. मी हो म्हटलं. त्यांची रिक्षा वळली आणि मी दार लावून पोरीला म्हटलं, “द्वारके, गप गं! किती छळशील?” काय गार वाटलं सांगू! मग रोजच सुरू झालं. द्वारके, किती घाण करतेस. द्वारके, मरत का नाहीस एकदाची.

चाकणला कंपनीत माझ्या लाइनीवरच्या मॅडम आहेत, त्या बाळ बघायला आल्या होत्या. इतकं जुनं, इतकं युनिक नाव कसं सुचलं, म्हणाल्या. तुम्हाला जन्मात कुणी युनिक म्हटलं नसेल. मी म्हटलं नसतं.

एक कबूल करते. शेवटी शेवटी तुम्ही अंथरुणातून हाक मारायचात आणि मी मिक्सर लावायची. सगळ्याच वेळी चटणी करत नव्हते. तेवढं चुकलं माझं.

पण गेल्या आठवड्यात काय झालं ते ऐका. मी भाकरी थापत होते. बाहेरून अन्वीचा आवाज आला. पाच वर्षांची पोर पाळण्यावर वाकून बहिणीला म्हणत होती, “द्वारके, मरत का नाहीस एकदाची?” सूरसुद्धा माझाच. मी धावत गेले. आणि धाकटी, सासूबाई, धाकटी हसत होती! तोंडाचं बोळकं पसरून, पाय झाडून. आपल्याला बोलावलं म्हणून खूश झाली होती ती. तुमच्यासाठी म्हणून मी जे जे ओकत होते, ते सगळं ती लाड समजून घेत होती. तव्यावरची भाकरी करपली.

पहिल्यांदा वाटलं, नावच बदलावं. पण ती आता त्याच नावाला मान वळवते. तिचं तिच्याकडून कसं काढून घेऊ? मग म्हटलं, तुमच्याकडूनच काढून घ्यावं.

म्हणून हा शब्द देते. उद्यापासून या घरात द्वारका एकच. शिवी बंद, नाव चालू. ती मोठी होऊन विचारेल, आई, माझं नाव कुणाचं गं? मी सांगेन, कुणाचं नाही बाळा, मुलींच्या जुन्या नावांची एक यादी मोबाइलवर आली होती, त्यातलं आवडलं. वन्संना आणि तुमच्या लेकालाही गप्प बसवीन, ते मला जमतं. तुमची एक गोष्ट तिच्या कानावर पडू देणार नाही. अन्वीला गोवर निघाला तेव्हा तीन दिवस तुम्ही तिला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं, स्वतः जेवलाही नव्हतात. तेवढी एक सांगावी असं कधीतरी मला वाटेल.

तीही सांगणार नाही.

तुमची सून,
सुरेखा