सहीवर चालतं

रवि., २ नोव्हें.
प्राजूचा फोन. अकॅडमीत मोबाइल रविवारीच हातात मिळतो, म्हणून आम्ही दोघं जेवण उरकून फोनसमोर बसलेलो. जेवलीस का, झोप होते का, नेहमीचंच. मग ह्यांनी फोन घेतला आणि सरळ विचारलं, स्टायपेंडातून महिन्याला हातात किती उरतं? चिखलोलीच्या फ्लॅटचं टोकन द्यायचंय, स्टेशन झालं की भाव चढणार, बिल्डर घाई करतोय वगैरे. पोरगी म्हणाली, मेस बिल कापल्यावर फार नाही उरत, पप्पा. आवाज बसलेला. सर्दी असेल.

मंगळ., ४ नोव्हें.
वॉशिंगवाल्याचं बिल आणि आमची चलनं जुळेनात. पूर्ण दिवस त्यात. प्राजू बालवाडीत होती तेव्हापासून कॅम्प पाचच्या ह्या जीन्सच्या कारखान्यात हिशेब लिहितेय, एक महिना सरळ गेला असेल तर शपथ.
शेठ सिंधी, मला ताई म्हणायचं तर अदी म्हणतात. म्हणाले, "अदी, बेटी फौज में अफसर, फिर तू काहे को घिस रही है?" सगळ्यांना हेच वाटतं. राहायला सरकार, खायला सरकार, वर पगार. एप्रिलपर्यंत मलाही तेच वाटायचं. आता कळलं की जेवण, धोबी, शिंपी, ब्लेझर, बूट, सगळं आधी बिलात जातं आणि मग पोरीचं काय ते. आणि अफसर अजून झालेली नाही. मार्चला होईल.

रवि., ९ नोव्हें.
ह्यांनी मागे लागून बिलाचा फोटो मागवला. प्राजू देईना, मग दिला. ऑक्टोबरचं बिल. जेवण वगैरे ठीक. एका ओळीत 'गेस्ट' आणि पुढे आकडा बघून मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं चुकून हिच्यात आलं. अशा चुका मी रोज बघते.
चूक नव्हती. गेस्ट म्हणजे आम्ही.
ऑक्टोबरात तिला भेटायला गेलो होतो, हे, मी, भावजी, जाऊबाई आणि त्यांचा साहिल. तिथल्या कॅफेत बसवलं. ह्यांनी पाकीट काढलं तर पांढऱ्या कपड्यातला वेटर हसला, म्हणाला, "यहाँ कॅश नहीं चलता, सर. मॅडम साइन कर देंगी." भावजी लगेच म्हणाले, सरकारी आहे, लाजू नका. मग काय, कोल्ड कॉफी दोनदा, कटलेट, सँडविच, साहिलला आइस्क्रीम. गाडीसाठी पॅटिस बांधून घेतले. प्राजू प्रत्येक चिठ्ठीवर हसत सही करत होती. मला वाटलं, कोण आलं-गेलं त्याची नोंद असेल.
मी. जी दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासून पोट भरते.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, भाऊला काही बोलू नकोस, प्राजूच्या ट्रेनिंगच्या बाँडवर जामीन तोच आहे.

बुध., १२ नोव्हें.
विहारात सत्कार झाला तेव्हाचा बॅनर अजून नाक्यावर आहे. 'लेफ्टनंट प्राजक्ता'. तेव्हाच पोरांना सांगितलं होतं, बाबांनो, स्टार मार्चला लागणार आहेत. तर म्हणे, काकू, मार्चला परत कोण छापणार? उन्हानं तिचा चेहरा पांढरा पडलाय, अक्षरं मात्र तशीच. आज त्याच्याखालून जाताना वर बघितलं नाही. का ते माहीत नाही. पाठ दुखतेय.

रवि., १६ नोव्हें.
सर्दी नव्हती.
पायाच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेलीय. पळून पळून. महिना झाला, आम्हाला सांगितलं नाही. धावण्याच्या टेस्ट चुकल्या, म्हणून एक टर्म मागे टाकलं. बरोबरच्या मुली मार्चला बाहेर पडणार, ही ज्युनिअरांबरोबर पुढच्या सप्टेंबरपर्यंत. सगळं एका दमात सांगून टाकलं, पाठ केल्यासारखं. मग म्हणाली,
"मम्मी, मी परत आले तर?"
म्हटलं, दूध घेतेस ना? हाड भरायला दूध लागतं. काय विचारावं त्या वेळी माणसानं.
"ते एक्स्ट्रामध्ये येतं. त्याची वेगळी सही. बंद केलंय."
"कधीपासून?"
"तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून."
टोमणा नव्हता. साधं सांगितलं. त्यामुळेच जास्त...
सही करून घे, आजपासून घे, असं म्हणेपर्यंत वेळ संपली.

सोम., १७ नोव्हें.
ह्यांना सगळं सांगितलं. कपाटातून बाँडची झेरॉक्स काढली. डॉक्टरांनी घरी पाठवलं तर प्रश्न नाही. स्वतःहून सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरायचा, जितके आठवडे झाले तितक्यांचा. हे वाचत बसले, मग म्हणाले, "म्हणजे डॉक्टरांनीच जर..." आणि थांबले. उठून गॅलरीत गेले. सेकंड शिफ्टला जाताना डबा राहिला.
बापानं असं मनात आणू नये. पण त्यांनी अर्ध्यावर सोडलेलं वाक्य मी केव्हाच पूर्ण केलं होतं. राग आला, ह्यांचा आणि माझाही.

गुरु., २० नोव्हें.
भावजी आले. आमच्या लेफ्टनंट बाई काय म्हणतात? मार्चला परेड बघायला बिल्डिंगमधल्यांनाही नेऊ, तिथे पाहुणचार काय असतो ते बघू दे एकदा. त्या पॅटिसची आठवण अजून निघते. मी आत चहा टाकला, साखर दोनदा पडली.
हे म्हणाले, फ्लॅटचं सध्या राहू दे. भावजींनी का म्हणून विचारलं. "असंच," म्हणाले. मला म्हणाले सुद्धा नव्हते. चहा गोड झाला म्हणून कोणी तक्रार केली नाही.

रवि., २३ नोव्हें.
आठवडाभर ठरवत होते, काय सांगायचं. राहा म्हणावं तर वाटतं, पैशासाठी म्हणतेय. ये म्हणावं तर उद्या तीच म्हणेल, तू का नाही अडवलंस. लहानपणी पडली की स्वतःच उठायची, हात दिला तर चिडायची. आता स्वतःहून विचारतेय.
फोनवर म्हटलं, मी येते. एकटी. डबा माझा, गेटबाहेर बसून जेवू, तू कुठेही सही करायची नाहीस.
हसली. "गेटबाहेर यायला पण पास लागतो, मम्मी."
"मग काढ. पासचे तरी बिलात लावत नसतील."
परत हसली आणि हसता हसता रडली. किती दिवसांनी ऐकलं तिचं रडणं, बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
तू ठरवलंस का, विचारलं. नाही म्हणाली. म्हटलं, मीपण नाही.
दूध चालू केलंय म्हणाली. विश्वास ठेवला.

मंगळ., २५ नोव्हें.
सुट्टी मागितली. शेठ म्हणाले, महिन्याची अखेर आहे अदी, माल कोण मोजणार? मी तिथेच उभी राहिले. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी निघताना पापडाचं पाकीट हातात दिलं. "बेटी को. पैसा नहीं काटूँगा."
पगारातून कापणार नाही म्हणजे पापडाचे की सुट्टीचे, ते पहिल्या तारखेला कळेल.

शुक्र., २८ नोव्हें.
तिकिटाचं ह्यांच्यावर सोपवलं होतं. फर्स्ट शिफ्ट करून परस्पर कल्याणला खिडकीवर जाऊन आले. मोबाइलवर निघतं, पण ह्यांना कागद लागतो. कपडे न बदलताच तिकिटं माझ्यापुढे ठेवली.
सवयीप्रमाणे तपासली. जातानाचं एक, माझं. येतानाची दोन. दुसऱ्यावर प्राजूचं नाव, वय, सगळं बरोबर लिहिलेलं.
मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बूट सोडत बसले होते, मान खाली.
"नाही आली तर रद्द करू," म्हणाले.
"रद्द केलं तर पैसे कापतात, अहो."
"कापू देत."