अडलेली ची

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. ७ डिसेंबर १९९७

चि. रूपाली हिस,
स. जयभीम. अ. उ. आ.

इकडील सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ठीक आहे की नाही ते तूच वाचून ठरव.

काल सहा डिसेंबर. बाबासाहेबांना अभिवादन करायला आम्ही बिंदू चौकात गेलो. दर वर्षी तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठी रिक्षा करावी लागते. काल ती चालत निघाली, आणि नुसती निघाली नाही, माझ्या पुढं गेली. शेजारची चिमणाबाई बरोबर होती. ती मला म्हणाली की भाऊसो, पाय उचला की, का तुम्हालाच धरून न्यायला पायजे? मी पाय उचलले. पण मला बरं वाटलं नाही. इतक्या वर्षांचं दुखणं महिन्यात जातं म्हणजे जातं कुठं?

त्याचं कारण असं. दिवाळीनंतर चिमणाबाईनं तिला एका चिनी औषधवाल्याकडं नेलं. औषध चिनी आणि औषधवाल्याचं नाव हंबीरराव! हाँगकाँगला शिकून आलाय म्हणे. गेल्या आठवड्यात मीही बघायला गेलो. भिंतीवर उघड्या माणसाचं चित्र, त्याच्या अंगभर रेघा आणि ठिपके. हंबीररावानं आईची नाडी तीन बोटांनी धरली, जीभ बाहेर काढायला लावली आणि सांगितलं की अंगातल्या थंडाव्याचा आणि उष्णतेचा तोल गेलाय, गुडघ्यात ची अडलीय. मी विचारलं, कुणाची? तो म्हणाला, ची. मी म्हटलं, तेच विचारतोय, कुणाची काय? मग त्यानं फोड करून सांगितलं की ची म्हणजे अंगात वाहणारी शक्ती, ती त्या रेघांतून फिरते आणि पाल्यामुळ्यांच्या पुडीनं मोकळी होते. तुझी आई पदर तोंडाला लावून हसत होती. घरी येताना म्हणाली, तुमची ची कुठं अडलीया मला ठावं हाय, जिभंत.

त्याच्या टेबलावर बुद्धाची मूर्ती होती. आईनं लगेच हात जोडले. मी जवळ जाऊन बघितलं तर हा सुटलेल्या पोटाचा, खदाखदा हसणारा. हंबीरराव म्हणाला, चिनी बुद्ध. आपल्या तथागतांनी उपास करून हाडं दिसेपर्यंत तप केलं, त्यांचं पोट चीनमध्ये कसं सुटलं? आईचं म्हणणं असं की बुद्ध ठेवणारा माणूस आपल्याला फसवायचा न्हाय. मला त्या मूर्तीमुळंच जास्त शंका येते. पुडीत अफू असावी. बासष्ट साली चिन्यांनी भाई भाई म्हणून काय केलं ते मी विसरलेलो नाही.

तू नर्स आहेस, खरं काय ते कळव. जावईबापू नागसेन यांना जयभीम.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा आण्णा


धारणी, जि. अमरावती
दि. १९ डिसेंबर १९९७

ती. आण्णांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र मी दवाखान्यात वाचलं आणि एकटीच हसत बसले. इथल्या बायकांना वाटलं, बाईंना काहीतरी झालंय. हे तर तेव्हापासून मला रोज विचारतात की आज तुझी ची कुणीकडं गेली?

आण्णा, रागावू नका. कुकर घरात आला तेव्हा तुम्ही शिट्टी होईपर्यंत अंगणात उभे राहायचात. माझं लग्न ठरलं तेव्हा नागसेन खरोखर मास्तर आहेत का ते बघायला गुपचूप शाळेच्या फाटकापर्यंत गेला होतात. आता आईचे पाय चालायला लागले तर त्या पायांवर तुमची पाळत. जन्मभर नळाच्या चाव्या फिरवून पेठेला पाणी सोडलंत, कुठं गळती आहे ते शोधायची सवय तुम्हाला लागली, ती आता माणसांनाही लावता.

चिनी लोकांची औषधविद्या जुनी आहे. आपल्या वैद्यांसारखीच त्यांचीही मुळ्यांची परंपरा आहे, तिला सरसकट नावं ठेवू नका. पण पुडीत काय आहे ते कुठं लिहिलेलं नसेल, तर मात्र मला ते आवडत नाही. एक पुडी लिफाफ्यात घालून पाठवा. आईचं ब्लडप्रेशर बघून घ्या आणि तिची रोजची गोळी चुकवू देऊ नका. तोंडावर किंवा पायांवर सूज दिसली तर लगेच कळवा.

आईला म्हणावं, मी उन्हाळ्यात येईन तेव्हा रंकाळ्याला चालत जाऊ.

तुमची माया अशीच राहो, शंका थोड्या कमी होवोत.
तुमची रूपाली


शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. ४ फेब्रुवारी १९९८

चि. रूपाली हिस,
स. जयभीम. अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. तू हसतेस म्हणून लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. पण आता लिहिण्यासारखं घडलं आहे.

आईचं तोंड भरलंय. गाल टरटरीत गोल झालेत, नाक त्यात बुडाल्यासारखं दिसतं. भूक अशी की भाकरी थापायला ती बसते आणि पहिली तीच खाते. चिमणाबाई म्हणते, बायडाबाई, तुमच्यावर तेज आलंया. मला ते तेज वाटत नाही. आपल्या पेठेच्या टोकाच्या नळाला कधी एकाएकी धो धो पाणी आलं तर बायका खूश व्हायच्या आणि मी घाबरायचो. पाणी वाढत नसतं, कुणीतरी दुसरीकडची चावी फिरवलेली असते.

आईला पुड्या सोड म्हटलं तर ती भांडते. म्हणते, तुम्हाला माझं चालणं बघवंना. म्हणून मी युक्ती केली. सुंठ, मेथी आणि जरासा कात खलबत्त्यात कुटला, रंग जुळवला, आणि तसल्याच कागदात तशाच घड्या घालून पुड्या बांधल्या. हंबीररावाच्या सगळ्या पुड्या माझ्या पान्यांच्या डब्यात लपवल्या. रविवारपासून ती माझ्याच पुड्या घेते आणि तिला पत्ता नाही! फक्त दमल्यासारखं होतंय म्हणते, अन्नावरची वासना गेलीय, सकाळी उठल्यावर चक्कर येते. मी म्हटलं, तुझी ची उलटी फिरली असंल. अफूची सवय सुटताना असं होतंच, मी ऐकून आहे.

खरी पुडी सोबत पाठवतो आहे. आईला यातलं काही कळवू नकोस. आता तरी म्हण की आण्णा शहाणे.

लोभ असावा आणि या वेळी थोडा मानही असावा.
तुझा आण्णा


धारणी
दि. १० फेब्रुवारी १९९८

ती. आण्णांस,
जयभीम.

पत्र आत्ता मिळालं. इथल्या टेलिफोनची लाईन बंद आहे. तार केली आहे, त्यामागून हे पत्र टाकते. आम्ही दोघं रात्रीच्या गाडीनं निघतो आहोत.

आईला याच पावली सरकारी दवाखान्यात न्या. हंबीररावाची पुडी बरोबर न्या आणि ती बंद केल्याचं डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. माझी खात्री आहे की त्यात अफू नाही. मुळ्यांच्या नावाखाली कुणीतरी स्टिरॉइड नावाचं जबर औषध मिसळलं आहे. गोल तोंड आणि ती भूक त्याचीच. तुमची शंका खरी होती आणि मी हसले, ती माझी चूक. पण आण्णा, असं औषध महिनोन्‌महिने घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. ते एकदम तोडलं तर माणूस कोसळतो.

तुम्हीच मला लहानपणी सांगायचात की मोठी चावी एका दमात बंद करायची नसते, पाईप फुटतो. थोडा फेरा द्यायचा, थांबायचं, परत थोडा. तसंच आहे हे.

बाकी भेटीत. वाट बघत बसू नका, उठा.
रूपाली


शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. २९ मार्च १९९८

चि. रूपाली हिस,
स. जयभीम. अ. उ. आ.

तुम्ही दोघं आलात, राहिलात, गेलात. सगळं तुझ्यासमोर झालं. एक गोष्ट तेवढी तोंडानं सांगता आली नाही, ती लिहितो.

तुझी तार मला वेळेवर मिळाली होती. त्यात लिहिलं होतं, पुड्या बंद करू नका, आईला दवाखान्यात न्या. मी ती उलटसुलट वाचली. त्यात जयभीम नव्हता. माझी रूपाली जयभीम घातल्याशिवाय आण्णाला एक ओळ लिहायची नाही, आणि पुड्या चालू ठेवा असं तर कधीच म्हणायची नाही. मला वाटलं, गिऱ्हाईक सुटलं म्हणून ही हंबीररावाची चाल आहे. तार घडी करून खिशात ठेवली आणि शहाण्यासारखा बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई मोरीत पडली. उचलली तर अंग गार आणि ओठ पांढरे. रिक्षात तिचं डोकं मांडीवर, एका हातात पान्यांचा डबा, आणि खिशात ती तार. डॉक्टरांनी तार वाचली आणि माझ्याकडं बघितलं. मग तिला सुई टोचली. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

आता आई बरी आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, त्या हळूहळू कमी करत न्यायच्या. हंबीररावाच्या खोलीला कुलूप आहे. जिन्यातून बघितलं तर खिडकीतून तो पोटाळा बुद्ध अजून हसताना दिसतो. गुडघे परत दुखायला लागलेत, आई चिमणाबाईच्या खांद्यावर हात टाकून चालते.

काल गोळीचा तुकडा करताना मी तिला माझ्या पुड्यांचं सांगितलं. म्हटलं, तुला फसवून सुंठ चारली. तिनं आधी गोळी घेतली. मग म्हणाली की त्यात काय सांगायचं, पहिल्या घोटालाच कळलं, माझ्याच डब्यातली सुंठ मला वळखंना व्हय? मी विचारलं, मग घेतलीस कशाला? त्यावर म्हणाली, तुम्ही बांधलीया म्हटल्यावर कायतरी इचार करूनच बांधली असंल, म्हणून घेतली.

रूपाली, मी हंबीररावावर शंका घेतली, त्या मूर्तीवर घेतली, तुझ्या तारेवर घेतली. त्या बाईनं माझ्या हातच्या पुडीवर घेतली नाही.

गोळ्या मीच देतो. तुकडा तिला आधी दाखवतो, मग देतो.

लोभ असावा असं मी दर वेळी लिहितो, या वेळी मागतो.
तुझा आण्णा

ता. क. पुन्हा कधी तार करावी लागली तर एक शब्द जास्त जाऊ दे, पण जयभीम घाल.