फिर्मँच्या वेली कोणाकडे जाव्यात

मी, ऑनोरीन ब्रेजों, कै. फिर्मँ ब्रेजों यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार सेव्र नदीकाठची खाणावळ, नोटरी बेर्थलो यांच्यासमोर स्वखुशीने हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. मला राग आलेला आहे. पण रागाने बुद्धी गेलेली नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

मला मूलबाळ नाही. सबब माझ्या मिळकतीवर कायद्याने कोणाचाही हक्क पोचत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा रेजीस गावात वेगळेच सांगत फिरतो, म्हणून हे स्पष्ट केले.

१. खाणावळ, भांडीकुंडी आणि नदीवरचा धक्का माझी स्वयंपाकीण ओदील हिला द्यावा. अट एकच. कालवे, शिंपले आणि लोण्याच्या सारातला नदीचा मासा यांच्याबरोबर आमच्या वेलींची कोरडी पांढरी वाइन, म्हणजे मुस्कादेच द्यावी. सारासाठी कांदा जिच्यात आटतो, तीच वाइन पेल्यात हवी. मटण मागणाऱ्याला तांबडी द्यावी, हुज्जत घालू नये.

२. रेजीसला काहीही देऊ नये. कारण लिहिते, म्हणजे पुढे कोणी म्हातारीचा लहरीपणा म्हणायला नको.

माझ्या गुडघ्याच्या दुखण्यात तो खाणावळ सांभाळत होता. एका रविवारी पॅरिसचे पाहुणे आले. फिर्मँने स्वतः तळघरातून आपल्या वाइनच्या बाटल्या वर आणल्या. ताट येण्याआधीच एका पाहुण्याने घोट घेतला आणि म्हणाला, “हे तर शिंपले धुवायचं पाणी.” कालवे येईपर्यंत थांबा, एवढेच रेजीसने म्हणायचे होते. तो हसला. “काका घरच्यापुरती करतात हो,” म्हणाला आणि ओकच्या पिंपातली महागडी वाइन आणायला सांगून आमची बाटली उचलू लागला. त्या वाइनबरोबर कालव खाणे म्हणजे खिळा चोखणे. फिर्मँ टोपली घेऊन तिथेच उभा होता. त्याने टोपली खाली ठेवली, निघून गेला, आणि मरेपर्यंत पाहुण्यांच्या जेवणघरात फिरकला नाही.

३. फिर्मँच्या सगळ्या द्राक्षवेली आन्सेल्म रेतिएर यांना द्याव्यात. होय, तोच शेजारच्या मळ्याचा आन्सेल्म. बांधावरच्या कुंपणावरून फिर्मँने आणि त्याने जन्मभर अबोला धरला.

त्या रविवारी आन्सेल्म कोपऱ्यात एकटा जेवत होता. मी स्वयंपाकघरात खुर्चीला खिळलेली, पण दार उघडे होते. फिर्मँ बाहेर पडल्यावर आन्सेल्म उठला, रेजीसच्या हातातून बाटली काढून घेतली आणि स्वतःच्या कालवांच्या ताटासह पाहुण्यांपुढे ठेवली. “फिर्मँ माझा वैरी आहे. त्याच्या कुंपणाबद्दल विचारा, संध्याकाळपर्यंत शिव्या देईन. पण त्याची वाइन खोटी नाही. आधी हे खा, मग प्या.”

पाहुण्याने खाल्ले, प्याला, आणि पेला पुन्हा पुढे केला.

हे मी फिर्मँला सांगितले, तर म्हणे, त्याला कोणी नाक खुपसायला सांगितलं होतं? दोघेही सारखेच हेकट. मी दोघांनाही अजून माफ केलेले नाही.

मागच्या आठवड्यात मी आन्सेल्मच्या अंगणात गेले. तो नकोच म्हणाला.

“वहिनी, त्या वेली मला ओरबाडतील.”

“ओरबाडू देत. नाहीतर रेजीस त्या उपटून तिथे गाड्या उभ्या करील.”

त्याने विचारले, “फिर्मँ कधी माझं नाव काढायचा?”

“रोज. शिवी घालूनच.”

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मग घेतो,” म्हणाला. “पण कुंपण आहे तिथेच राहील.”

अशी अट मृत्युपत्रात बसत नाही, असे नोटरीसाहेबांचे म्हणणे पडले. मी ती बसवून घेतली आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. नोटरीसाहेबांनी दोन शब्द सौम्य सुचवले; मी ते नाकारले.

सही: ऑनोरीन ब्रेजों
साक्षीदार: इव्होन तेसिए, पाववाली
साक्षीदार: लूसियाँ ग्रासे, निवृत्त पोस्टमन
नोटरी: बेर्थलो
क्लिसों, १४ नोव्हेंबर १९९६