संध्याकाळची गाणी आणि माझ्या पोरीची झोप

मी, चहाच्या हॉटेलात गल्ल्यावर बसणारी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीनं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. भीती वाटतेय, ती गोष्ट वेगळी. उद्या पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. त्यांना किरकोळ, पोट माझं आहे.

१. हॉटेल नवऱ्याचंच आहे, त्यालाच राहू दे. शिलाई मशीन धाकट्या बहिणीला. कानातले पोरीला, मोठी झाल्यावर. चांगली शाल सासूबाईंना. नको नको म्हणतील, तरी द्या. आणली तेव्हापासून डोळा आहे त्यांचा.

२. संध्याकाळी हॉटेलात लोक बसून गातात, ते बंद करायचं नाही. कुणी समोर गायल्याशिवाय माझी पोरगी झोपत नाही. मोबाइलवर गाणं लावलं की किंचाळते.

हॉटेलात सिनेमाची गाणी झाली की त्यांच्या हक्काची फी घेणारे लायसनवाले साहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलं, "इथे कोणकोणती गाणी होतात?" नवऱ्याला वाटलं, कौतुकानं विचारतायत. म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त नाव घ्या! सिनेमातलं एक गाणं सोडत नाही आम्ही." साहेबांनी सगळ्या गाण्यांची फी लावली. तेव्हापासून नवऱ्याचं एकच, "गाणी बंद, त्या कोपऱ्यात फ्रीज ठेवू." फ्रीज झोपवणार का पोरीला?

३. फी बुडवा असं मी म्हणत नाही. गाणं रचणाऱ्यालाही पोट असतं. पण झेपत नाही तोवर घरचीच गाणी गावीत. शेजारच्या वायरमनमामांनी फ्यूज उडाल्यावर रचलंय ते चांगलं आहे. त्याचं शेवटचं कडवं मात्र गाळावं. त्यात सासूबाई आहेत.

४. परवा साहेब तपासायला आले आणि रंगात येऊन स्वतःच सिनेमातलं गाणं गायले. वर म्हणतात, "वहिनी, याची फी लागेल हं." मी म्हटलं, "गळा तुमचा, हौस तुमची, आणि बिल आमच्या नावावर?" ती फी त्यांनीच भरावी.

५. पोरीची अंगाई मी रचली आहे. ती पोरीच्या मालकीची. कुणीही म्हणावी, फी नाही. फक्त तिच्या बाबानं म्हणू नये. त्यानं सूर लावला की गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून उठतं.

हे शेवटचं खोडते. मी परत आले नाही तर त्यानंच म्हणावी. रोज. पोरगी आधी रडेल, मग तिला सवय होईल. त्यालाही होईल.

सही: माझीच, जरा वाकडी आली आहे.
साक्षीदार: वायरमनमामा. लायसनवाले साहेब (चहाला आले होते, धरून बसवलं).
ठिकाण: हॉटेलातलं खिडकीजवळचं टेबल.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, पोरगी मांडीवर.