केशराचं पाणी

क्रोकोस,
१९ नोव्हेंबर १९९८

प्रिय एव्हान्थियाताईस,

सप्रेम नमस्कार. थेसालोनिकीत थंडी सुरू झाली असेल, छातीला जप. इथे फुलं संपली. पीक चांगलं आहे. आता रोज टेबलाभोवती केशर निवडायला बसतो. बाबा नेहमीसारखे खिडकीजवळ बसतात.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा ते शेजारीच उभे होते, म्हणून मी काही बोललो नाही.

गेल्या आठवड्यात शेजारची पोलिक्सेनीमावशी निवडायला आली होती. बाबांच्या परातीत डोकावून म्हणाली, "काय हो थानासिस, यंदा लाल विकणार की पिवळं? सहकारी संघवाले डबा तोंडावर मारतील!" सगळे हसले, बाबाही हसले. मी नीट बघितलं. लाल काड्यांत वेगळे काढून टाकायचे पिवळे तंतू जसेच्या तसे पडले होते. आणि ते बाबांनी निवडलेलं केशर होतं, ताई.

त्यांच्या डोळ्यांतली सूज उलटली आहे. डॉक्टरांचे थेंब त्यांनी ईस्टरपासून बंद केले. केशरातल्या द्रव्याने डोळ्याच्या पेशींची सूज उतरते, ही तुमच्या प्रयोगशाळेची बातमी पेपरात आली, त्या दिवसापासून. रात्री उकळलेल्या पाण्यात केशर भिजवतात, सकाळी त्याने डोळे धुतात. मला वाटायचं, थेंबही घालत असतील. मी म्हटलं, "बाबा, ते बशीत वाढवलेल्या पेशींवर केलंय, माणसावर नाही. ताईनेच सांगितलं होतं."

"बशीतल्या डोळ्याला चालतं, मग माझ्या डोळ्याने काय घोडं मारलंय? तू शाळा अर्धी सोडलीस, पोरा. ती शिकलीय."

मंगळवारी जवळजवळ ओढतच कोझानीच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा डोळा गेला आहे. उजवा वाचण्याची आशा आहे, पण थेंब आजच्या आज सुरू केले तर. नवी बाटली आणली. ती उघडूही देत नाहीत.

काल त्यांनी मला बातमी वाचून दाखवायला सांगितली. मी शेवटी एक वाक्य माझ्या पदरचं जोडलं, 'डॉक्टरांचे थेंब मात्र बंद करू नयेत.' बाबा लगेच म्हणाले,

"हे त्यात नाही, स्टेर्गिओस."

बातमी त्यांना तोंडपाठ आहे.

त्यांना आता फक्त तूच सांगू शकतेस. फोनवर नको. फोनवर तुझं कौतुक करतात आणि ठेवून देतात. तू ये. तुझ्या कामातून अजून औषध झालेलं नाही, कदाचित होणारही नाही, असं त्यांच्या समोर बसून सांग. कॉफीच्या दुकानात ते त्या बातमीचं कात्रण खिशात घेऊन जातात आणि ज्याला त्याला दाखवतात. त्यांना किती लागेल ते मला कळतं. तुलाही लागेल. पण उजव्या डोळ्याला अजून समोरचा माणूस ओळखू येतो.

मी लिहीत बसलोय हे त्यांना पेनाच्या आवाजावरून कळलं. "कुणाला?" म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं. तेव्हा त्यांनी जे लिहायला सांगितलं तेही लिहितो, कारण शब्द त्यांचे आहेत.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुझं काम सोडून येऊ नकोस.

बाबांच्या सांगण्यावरून,
तुझा भाऊ
स्टेर्गिओस